रात्री कुणाला उठवशील?

तीन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात माझा थोरला तीन रात्रींच्या शिबिराहून परत आला, तेव्हा बसमधून उतरणाऱ्या मुलांत तो सगळ्यांत शेवटी होता. बाकीची पोरं ओरडत, एकमेकांना ढकलत उतरली. हा हळूहळू उतरला, एका हातानं पोट धरून. गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाला, "आई, लवकर घरी चल." घरी पोचल्यावर बूटसुद्धा न काढता संडासात गेला आणि अर्ध्या तासानं रडत बाहेर आला. तीन दिवस तो शीला गेलाच नव्हता.

सात वर्षांचा होता तेव्हा. शिबिर जांबुघोड्याच्या जंगलाच्या कडेला होतं, बडोद्यापासून सत्तर-एक किलोमीटरवर. तंबू, शेकोटी, दोरीवरून चालणं, पहाटे उठून पक्षी बघणं, सगळं होतं. ग्रुपवर आलेल्या फोटोंत तो हसतानाही दिसत होता आणि ते फोटो बघून मी तिन्ही रात्री निश्चिंत झोपले होते. मग हळूहळू एकेक कळलं. संडास तंबूंपासून लांब, बसायचे, आणि त्याला सवय कमोडची. पहिल्या रात्री तो बॅटरी घेऊन निघाला, अर्ध्या वाटेत कुत्रं भुंकलं, तसाच परत फिरला. सकाळी गेला तर रांग, मोठी मुलं बाहेरून दार वाजवत होती. मग राहूनच गेलं.

"अरे, तिथल्या दादांना सांगायचं ना," मी म्हटलं.

"काय म्हणून सांगायचं?"

मला वाटलं, उलट उत्तर देतोय. तसं नव्हतं. त्याच्याकडे खरोखरच शब्द नव्हता. घरात आम्ही 'शी' म्हणतो, तो बाळाचा शब्द, तो चार मोठ्या मुलांसमोर कसा म्हणायचा? शाळेत 'वॉशरूम' म्हणतात, पण त्याच्या लेखी तो फक्त एक नंबरसाठी. शिबिरातले दादा गुजराती बोलणारे. गुजरातीत हा दिवसभर खेळतो, भांडतो, पतंग कापल्यावर ओरडतो. पण पोट दुखतंय, मला तिकडे भीती वाटते, माझ्याबरोबर चला, हे त्यानं आजवर कुठल्याच भाषेत कुणाला सांगितलेलं नव्हतं. सांगायची वेळच आली नव्हती. घरात ते आम्हाला न सांगता कळत होतं.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं: रोखून धरलं की मळ कडक होतो, मग जाताना दुखतं, दुखतं म्हणून मूल आणखी रोखतं, आणि हे चक्र एकदा सुरू झालं की लवकर सुटत नाही. औषधानं पोट दोन दिवसांत मोकळं झालं. भीती जायला फेब्रुवारी उजाडला.

आम्ही त्याला पाठवलं कसं, हे मी नंतर पुष्कळदा आठवून पाहिलं. वर्गातली चार मुलं चालली होती. फॉर्मवर 'वय ६ वर्षे पूर्ण' असं छापलं होतं. ते आम्ही उत्तर म्हणून वाचलं. खरं तर तो फक्त त्यांचा नियम होता. थोरला 'जाऊ का?' असं म्हणाला नव्हता, 'जाणार ना रे?' असं आम्ही विचारल्यावर त्यानं मान हलवली होती. आदल्या रात्री मी त्याला सयाजीरावांची गोष्ट सांगितली. बडोद्यातल्या मराठी घरात वाढलेल्या प्रत्येकाला ती माहीत असते. नाशिककडच्या कवळाणे गावातला गोपाळराव, १८७५ साली बारा वर्षांचा असताना बडोद्याला आणला गेला, महाराणी जमनाबाईंनी त्याला गादीसाठी दत्तक घेतलं. तीन मुलांना विचारलं म्हणे, इथे कशाला आलात? बाकीच्यांची उत्तरं साधी होती. हा म्हणाला, राज्य करायला. मी थोरल्याला म्हटलं, बघ, तो आईला सोडून एवढ्या लांब आला आणि घाबरला नाही.

ही गोष्ट मी चुकीच्या टोकानं सांगितली, असं आता वाटतं. तो घाबरला नाही हे गोष्टीत कुठेच नाही. कवळाण्याची आई मागे राहिली, त्या रात्री राजवाड्यात त्याला झोप लागली की नाही, हेही गोष्ट सांगत नाही. गोष्टीत एवढंच आहे की परक्या मोठ्या माणसांनी विचारलं तेव्हा त्याला काय हवंय ते त्याला सांगता आलं. आणि तो बारा वर्षांचा होता, सात नाही.

हे सगळं आठवण्याचं कारण धाकटी. मागच्या जुलैत न्यू जर्सीहून माझ्या दिरांचा व्हिडिओ कॉल आला. त्यांची मुलगी नऊ वर्षांची, नुकतीच दोन आठवड्यांच्या शिबिराहून आली होती. तळ्यात होडी वल्हवली, लाकडी खोलीत आठ मुली आणि दोन ताया, घरी पत्रं लिहिली, फोन नाही. तिकडे ही रीत फार जुनी आहे. १८६१ साली कनेटिकटमध्ये एका शाळेच्या मास्तरांनी मुलांना मुक्कामाला नेलं, तिथून ती सुरू झाली असं मानतात. उन्हाळ्याची सुट्टी दहा-अकरा आठवड्यांची आणि आईबाप दोघं कामावर, मग शिबिर हा घराघरांतला दरवर्षीचा प्रश्न होतो. धाकटीनं ते सगळं तोंड उघडं ठेवून ऐकलं आणि फोन बंद झाल्यावर म्हणाली, "मला पण जायचंय. मी कधी जाऊ?"

सात वर्षांची. पुन्हा सात.

माझ्या तोंडून लगेच 'नाही' निघालं. नवरा म्हणाला, "त्याच्या पोटाचा राग तू हिच्यावर काढतेस." मला ते लागलं, कारण ते खरं होतं. दोन मुलं म्हणजे दोन वेगळी माणसं. थोरल्यानं मान हलवली होती, ही स्वतःहून विचारत होती, आणि हा फरक लहान नाही. माझ्या जावेनं मला अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सनं २००७ साली याच विषयावर काढलेला लेख पाठवला. घराची आठवण येणं हा आजार नाही, ती जवळजवळ प्रत्येक मुलाला थोडीफार येतेच, असं त्यात होतं. जाण्याच्या निर्णयात मुलाचा हात असला तर ती कमी छळते. आधी एकेक-दोन रात्री दुसरीकडे राहण्याचा सराव द्यावा. आणि एक गोष्ट ठासून होती: 'करमलं नाही तर लगेच घ्यायला येईन' असा करार मुलाशी करू नये. त्याला त्यातून एवढंच ऐकू येतं की तुला जमेल असं आईला वाटत नाही. आणि मग पहिल्याच उदास संध्याकाळी ते त्या कराराकडे डोळे लावून बसतं.

मी थोरल्याशी नेमका तोच करार केला होता. वर त्याच्याकडे फोनही नव्हता.

सरावाच्या रात्री म्हटल्यावर मला आजोळ आठवलं. माझं आजोळ इंदूरचं. मेच्या सुट्टीत आई मला आणि भावाला अवंतिका एक्सप्रेसनं घेऊन जायची, चार दिवस राहायची आणि आम्हाला ठेवून परत यायची. महिनाभर आम्ही आईशिवाय. आमची पिढी 'आम्ही नाही का राहिलो' असं जे म्हणते ते याच्या जोरावर. पण तिथे आजी होती, मामी होती, मावसभावंडं होती. रात्री मी नुसती कूस बदलली तरी आजी म्हणायची, "काय गं, पाणी?" मी महिनाभर आईपासून लांब राहिले हे खरं, पण मला काही मागावं लागलं नव्हतं. ती वेगळी सोय आहे, आणि फार मोठी. तिच्या बळावर मूल शिबिराला तयार होईलच असं नाही.

इथेच मला कळलं की मी चुकीच्या गोष्टी मोजत होते. आंघोळ स्वतः करते का, वेणी घालते का, ताटातलं संपवते का, चादर घडी करते का. धाकटी यातलं बरंच करते. थोरलाही करायचा. बुटाच्या नाड्या त्याला सहाव्या वर्षीच बांधता येत होत्या. पण नाडी न बांधता आलेलं मूल शिबिरात तीन दिवस मजेत काढू शकतं, जर ते समोरच्या ताईपुढे पाय करून 'बांधून द्या' म्हणू शकत असेल. सगळं येणारं पण मागता न येणारं मूल माझ्या घरात होतं.

आणि ते तसं आम्हीच केलं होतं. आमच्या घरात मुलानं भूक लागली म्हणायच्या आत सासूबाईंनी वाटीत काहीतरी ठेवलेलं असतं. मी स्वतः त्याचा चेहरा बघून पंखा कमी करते. यात प्रेमच आहे, दुसरं काही नाही. तरी मी एका संध्याकाळी सासूबाईंना म्हटलं, "आई, धाकटी मागेपर्यंत आपण थोडं थांबू या का?"

त्यांना ते मुळीच आवडलं नाही. "मुलानं मागेपर्यंत वाट बघायची? हे घर आहे की खानावळ?"

मी गप्प बसले. दोन दिवसांनी, पोळ्या लाटता लाटता, त्या आपणहून बोलल्या. लग्न होऊन कोल्हापूरहून बडोद्याला आल्या तेव्हा एकोणीस वर्षांच्या होत्या. माहेरी त्यांच्या आईला त्यांची भूक ठाऊक होती. इथे पंगतीत वाढणारी विचारायची, आणखी? आणि यांच्या तोंडून 'नको' निघायचं. "पहिले पंधरा दिवस मी पोटभर जेवले नाही. घरात सगळं भरलेलं. कुणी वाईट नव्हतं. मला मागताच यायचं नाही." पोळी तव्यावर टाकली आणि म्हणाल्या, "थांबू मग. पण मी फार वेळ नाही थांबणार, हे सांगून ठेवते."

त्या थांबल्या. त्यांना बघवत नसे, तर त्या उठून गच्चीत जात. पण थांबल्या.

ऑगस्टमध्ये धाकटी मांजलपूरला मैत्रिणीच्या घरी राहायला गेली. घर गुजराती, ओळखीचं, शाळेच्या दारात रोज भेटणारं. रात्री मी फोन उशाशी घेऊन झोपले. फोन आला नाही. सकाळी मैत्रिणीच्या आईनं सांगितलं की रात्री एक वाजता ही त्यांच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली, थोडा वेळ काहीच बोलली नाही, आणि मग म्हणाली, "मासी, मने बीक लागे छे." मासींनी तिला आपल्या शेजारी घेतलं, पाच मिनिटांत झोपली.

त्या बिचाऱ्या हे जरा संकोचून सांगत होत्या, की बघा, घाबरली हो तुमची मुलगी. मला मात्र तिथेच रडू आलं. भीती वाटली, अंधारातून चालत गेली, परक्या दारात थांबली, धीर गोळा केला आणि समोरच्या माणसाच्या भाषेत नीट सांगितलं. घरी ही 'भीती वाटते' म्हणते. तिथे तिनं 'बीक' म्हटलं. यापेक्षा जास्त मला काय बघायचं होतं?

पण मूल तयार असणं ही अर्धी बाजू. शिबिर तयार आहे का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं ओझं मुलावर टाकता येत नाही. बडोद्यात तर नाहीच. १८ जानेवारी २०२४ ला आपल्या गावातल्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची होडी उलटली. बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. होडीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि लाइफ जॅकेट सगळ्यांना नव्हती. ती मुलं सकाळी डबा घेऊन निघाली होती, संध्याकाळी परत यायची होती. त्यांच्या तयारीत काहीच कमी नव्हतं. त्या दिवसानंतर या शहरातल्या कुठल्याही आईला 'फार प्रश्न विचारते' असं कुणी म्हणू नये.

मी विचारले. एकूण मुलं किती, मोठी माणसं किती, आणि त्यातली रात्री तंबूंजवळ झोपणारी किती, कारण दिवसा असणारी आणि रात्री असणारी माणसं हे दोन वेगळे आकडे असतात. मुलींच्या तंबूपाशी कोण? त्यांची ओळखपत्रं तपासली आहेत का? संडासच्या वाटेवर रात्रभर दिवा असतो का? जवळ तळं किंवा धरण आहे का, मुलांना पाण्यात किंवा होडीत नेणार का, नेणार असाल तर माझी नाही. ताप आला, काही चावलं, तर कुठल्या दवाखान्यात नेणार आणि त्या वेळी गाडी जागेवर असेल का? एका ठिकाणी उत्तर आलं, "मॅडम, टेन्शन घेऊ नका, मुलं खूप मजा करतात." तिथला फॉर्म मी तिथेच ठेवला. दुसऱ्या ठिकाणच्या ताईंनी वही काढून एकेकाचं उत्तर दिलं आणि दोन गोष्टींना 'हे अजून ठरलेलं नाही, परवा सांगते' म्हणाल्या. परवा त्यांचा फोन आला. मला ते 'परवा सांगते' सगळ्यांत जास्त आवडलं.

पुन्हा जांबुघोडाच. डिसेंबर, दोनच रात्री, चोवीस मुलं. नोव्हेंबरातल्या एका रविवारी आम्ही चौघं हालोल, चांपानेर, शिवराजपूर करत जागा बघून आलो. पावागड मागे पडला की सागाची झाडं सुरू होतात. धाकटीनं तंबू बघितले, पाण्याची टाकी बघितली, संडासात आत जाऊन कडी लावून बघितली. थोरला गाडीजवळच थांबला. त्याला मी 'तूही ये ना' म्हटलं नाही. त्याला शिबिर नको आहे. तो आता दहा वर्षांचा आहे, पोहतो, बुद्धिबळाच्या स्पर्धांना बापाबरोबर अहमदाबादला जातो, आणि त्याला रात्री स्वतःचं अंथरूण लागतं. त्यात दुरुस्त करण्यासारखं काहीच नाही. शिबिराला न जाता माणसं उत्तम मोठी होतात.

धाकटीची एक अडचण होती. ती फार गाढ झोपते आणि महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या रात्री अंथरूण ओलं होतं. डॉक्टर म्हणाले, सात वर्षांच्या शंभर मुलांत पाच ते दहा मुलांचं असं होतं, तिच्या वर्गातही कुणीतरी असेलच, फक्त कुणी बोलत नाही. यासाठी घरी ठेवायची गरज नाही, तयारी ठेवा. मग आम्ही ठेवली. जेवणानंतर पाणी कमी, झोपायच्या आधी एकदा जाऊन यायचं, कोरडी चड्डी आणि पायजमा एका पिशवीत घालून स्लीपिंग बॅगच्या तळाशी. ताईंना मी तिच्यासमोर सांगितलं, तिच्या पाठीमागे नाही. ताई म्हणाल्या, "मला उठव. माझा तंबू लाल कापड बांधलेला. दोन वाजता उठवलंस तरी चालेल."

घ्यायला येण्याचा करार मी या वेळी केला नाही. "आठवण येईल," मी म्हटलं, "बहुतेक संध्याकाळी, अंधार पडताना. येऊ दे. ताईंना सांग." पण एक वचन मात्र दिलं, आणि ते वेगळं आहे हे तिला तीन-तीनदा समजावलं: बरं नसलं, किंवा कुणी नको तिथे हात लावला, किंवा कुणी 'हे आईला सांगू नकोस' असं म्हटलं, तर मी मध्यरात्री गाडी काढून येईन, आणि तुझं काही चुकलं असं कधीच म्हणणार नाही. ज्या गोष्टीला 'सांगू नकोस' म्हणतात, ती सगळ्यांत आधी सांगायची. हे मी थोरल्यालाही समोर बसवून सांगितलं. त्याला तेव्हा सांगायला हवं होतं.

निघायच्या आदल्या रात्री धाकटी बॅग भरत होती. आत काय आहे ते तिचं तिला कळावं म्हणून मी हात लावला नाही. थोरला दारात उभा राहून बघत होता. मग आत गेला, त्याची बॅटरी घेऊन आला, नवे सेल घातलेली.

"तंबूत दाराजवळची जागा घे," तो म्हणाला. "आतली घेतलीस तर सगळ्यांच्या अंगावरून जावं लागतं."

"बरं."

"आणि रात्री जायचं झालं तर ताईंना उठव. त्या रागावत नाहीत."

"तुला कसं माहीत? तुझ्या वेळी दादा होते."

तो थोडा वेळ गप्प राहिला. "मी उठवलंच नव्हतं," तो म्हणाला. "उठवायला पाहिजे होतं."

रविवारी संध्याकाळी बस आली. ती मधेच कुठेतरी उतरली, केसांत गवताची काडी, एक मोजा हरवलेला, कोरडा पायजमा घडी न मोडलेला. गाडीत तिनं महुड्याच्या झाडाबद्दल सांगितलं, शेकोटीवर भाजलेल्या बटाट्याबद्दल सांगितलं, आणि पहिल्या संध्याकाळी रडले होते हेही सांगितलं, मधल्या एका वाक्यात, जसं बटाट्याचं सांगितलं तसंच.

थोरला पुढच्या सीटवरून वळून बसला होता. "ताईंना उठवलंस?"

"दोनदा," ती म्हणाली. "एकदा शूला. आणि एकदा नुसतंच."